पोराला तालमीत घालायचंय? मग आधी हे वाचा (कुस्तीत करिअर, पहिल्या दिवसापासून नोकरीपर्यंत)

आठवड्यातून एखादा तरी फोन येतोच, पोराला तालमीत घालायचंय काय करू, कुठं घालू, किती खर्च येतो. दरवेळी तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलं म्हणून म्हटलं एकदाच सगळं टाईप करून ठेवावं आणि जो विचारेल त्याला पाठवून द्यावं.

माझं थोडक्यात सांगतो. बारा वर्षांचा असताना वडलांनी कोल्हापूरला एका तालमीत आणून सोडलं, एक पत्र्याची पेटी, एक स्टीलचा ग्लास आणि तूप भरलेली बरणी. पंधरा वर्षं कुस्ती केली, राज्याची दोन मेडलं आहेत, मैदानं बरीच मारली, मग गुडघा गेला, ऑपरेशन झालं, आता पोलिसात आहे. मी महाराष्ट्र केसरी वगैरे नाही, त्यामुळे गदा कशी मारायची ते मला विचारू नका, ज्यांनी मारलीय त्यांना विचारा. मी सांगणार ते गदा न मिळालेल्या पण तरी कुस्तीवर पोट भरू पाहणाऱ्या पैलवानाचं. आणि हो, टीव्हीवर खुर्च्या फेकून मारतात त्या कुस्तीबद्दल हे नाही.

१. माती की मॅट, हे आधी समजून घ्या

नवीन माणसाला वाटतं कुस्ती म्हणजे कुस्ती. तसं नाही, दोन वेगळे धंदे आहेत म्हटलं तरी चालेल.

मातीतली मैदानी कुस्ती म्हणजे जत्रेत, उरुसात होते ती. बहुतेक ठिकाणी निकाली, म्हणजे पाठ लागेपर्यंत चालायचं. एरवी पॉईंट नाहीत, फार वेळ झाला तर पंच बरोबरीत सोडवतात नाहीतर शेवटी गुणावर लावतात. इथं पैसा आहे, नाव आहे, हलगी आहे, फेटा आहे. पण सरकारी कागदाला उपयोगी पडेल असं काही यातून मिळत नाही.

मॅटवरची कुस्ती म्हणजे ऑलिंपिकची. मोठ्या गटात तीन-तीन मिनिटांचे दोन राऊंड, मध्ये तीस सेकंद. पंधरा आणि सतरा वर्षांखालच्या पोरांना दोन-दोन मिनिटांचे. फ्रीस्टाईलमध्ये १० गुणांची आघाडी झाली की तिथंच कुस्ती संपते, ग्रीको रोमनला (कमरेखाली न धरता लढायची शैली) ८. नोकरी, शिष्यवृत्ती, वाढीव मार्क, सगळं या बाजूला आहे.

मातीतला पोरगा मॅटवर मार कुठं खातो बघा. मातीत समोरच्यानं पट काढला (पायाला हात घालून ओढलं) की आपण खाली बसतो, तो मागं चढून दमतो, आपण वाट बघतो, पाठ लागत नाही तोवर काय गेलं नाही. मॅटवर तो मागं गेला, ताबा घेतला की लगेच २ गुण. पाय वर्तुळाच्या बाहेर पडला की १. पाठ नुसती मॅटकडं कलली तरी २. मातीत जे आपलं कसब असतं, दम काढून बसून राहणं, तेच मॅटवर अंगाशी येतं. मी पहिल्या जिल्हा चाचणीला दीड मिनिटात बाहेर आलो होतो आणि मला कळलंच नव्हतं की मी हरलोय, मी आपला खाली बसून पुढचा डाव शोधत होतो.

खाशाबा जाधवांचंच घ्या की, कराडजवळच्या गोळेश्वरचा मातीतला गडी, १९४८ ला लंडनला गेले तेव्हा मॅटची सवय नव्हती तरी सहावे आले आणि १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं. मधली चार वर्षं त्यांनी मॅटचे नियम अंगात भिनवले म्हणून ते झालं.

माझं मत, चौदा वर्षांपर्यंत माती जास्त ठेवा, अंगात ताकद आणि दम तिथं येतो, पण बाराव्या-तेराव्या वर्षापासून आठवड्यातले निदान तीन दिवस मॅट पाहिजेच. महाराष्ट्र केसरीतसुद्धा माती आणि गादी (म्हणजे मॅट) असे दोन विभाग असतात, ८६ ते १२५ किलोत दोन्हीकडचे विजेते शेवटी एकमेकांशी लढतात. म्हणजे १९६१ पासून चालू असलेल्या आपल्या सगळ्यात मानाच्या गदेलासुद्धा नुसत्या मातीवर भागत नाही.

२. वय

दहा ते बारा हे बरोबर. आठव्या वर्षी सोडणारेही आहेत, पण इतक्या लहान पोराला तालमीत राहायला ठेवू नका, गावातच संध्याकाळी जाऊ दे. सोळाव्या वर्षी सुरुवात केली तर जमतं का? जमतं, अंग मुळातच शेतात कसलेलं असेल तर. पण मग शाळेच्या स्पर्धांची वर्षं हातातून गेलेली असतात हे लक्षात ठेवा.

आणि एक हात जोडून सांगणं, वय चोरू नका. कोणीतरी शहाणा भेटतोच, दोन वर्षं कमी दाखवा, खालच्या गटात मेडल पक्कं. २०२५ मध्ये खोट्या जन्मदाखल्यांवरून कुस्ती फेडरेशननं पैलवान निलंबित केलेत. शिवाय नोकरीच्या वेळी दहावीची सनद, आधार, जन्मदाखला, मेडलचं सर्टिफिकेट सगळं शेजारी शेजारी मांडून बघतात. तिथं तारखा जुळल्या नाहीत की सगळी मेहनत पाण्यात.

३. तालीम कशी निवडायची

कोल्हापुरात गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या जुन्या तालमी, पुण्यात गोकुळ वस्ताद तालीम, कात्रजचं मामासाहेब मोहोळ संकुल, आळंदीत जोग महाराज व्यायामशाळा. नावं सगळ्यांना माहीत आहेत. पण नुसतं नाव बघून पोराला टाकू नका. मी काय बघतो ते सांगतो.

पहिलं, जोड. तुमच्या पोराच्या वजनाची, त्याच्यापेक्षा जरा वरचढ अशी निदान चार-पाच पोरं तिथं आहेत का? जोडीदाराशिवाय कुस्ती शिकता येत नाही, नुसते जोर मारून शरीर होतं, पैलवान होत नाही. २०२० ला महाराष्ट्र केसरीच्या फायनलला हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके आले, दोघंही वस्ताद काका पवारांचेच पठ्ठे, एकाच तालमीतले. रोज सकाळी एकमेकांशीच लढायचे म्हटल्यावर बाहेरचा कोण अजून अवघड असणार.

दुसरं, वस्ताद कुठं उभा असतो. हौद्यात (कुस्तीच्या मातीच्या आखाड्यात) उतरून पोराचा पाय हातानं धरून जागेवर ठेवणारा वस्ताद आणि खुर्चीत बसून मोबाईल बघत "ए लढा रे" म्हणणारा वस्ताद, फरक पहिल्या दहा मिनिटांत दिसतो.

तिसरं, माती हातात घेऊन बघा. चालू तालमीतली माती भुसभुशीत आणि जरा ओलसर लागते, ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घातल्याचा वास येतो, मूठ दाबली की लाडूसारखी वळते आणि हलकं दाबलं की सुटते. पायाला दगडासारखी लागली, कडेला पालापाचोळा दिसला, तर भिंतीवर कितीही गदांचे फोटो असूदेत, तिथं आता कोणी लढत नाही.

चौथं, शाळा. तालमीतल्या पोरांना शाळेत खरंच पाठवतात का फक्त नाव घालून ठेवतात, हे तिथल्या पोरांनाच विचारा, वस्तादांना नको.

जमलं तर एक रात्र तिथंच मुक्काम करा. पहाटे चारला किती पोरं उठतात, संडास-मोरी कशी आहे, मोठी पोरं लहानांकडून किती कामं करून घेतात, सगळं न विचारता कळतं. हातपाय दाबून देणं, थंडाई घोटणं हे चालतंच, आम्हीही केलं. पण मारहाण, पैसे मागणं, रात्री त्रास देणं असलं काही कानावर आलं तर पेटी उचला आणि सरळ घरी या, तालमी पुष्कळ आहेत.

सरकारी वाटाही आहेत, लोकांना माहीत नसतात. राज्याची क्रीडा प्रबोधिनी आहे, निवड चाचणी देऊन प्रवेश मिळतो. साईची (भारतीय क्रीडा प्राधिकरणाची) केंद्रं आहेत. पुण्यात आर्मीची बॉईज स्पोर्ट्स कंपनी आहे, तिथं लहान वयातच पोरं घेतात, शाळा, जेवण, ट्रेनिंग सगळं त्यांचं. घरची परिस्थिती बेताची असेल तर आधी इथं प्रयत्न करा, खुराकाचा सगळा भार घरावर येत नाही.

४. कागदपत्रं (एका प्लास्टिकच्या फाईलमध्ये, आजच)

- जन्मदाखला, मूळ
- आधार कार्ड, जन्मतारीख आणि नावाचं स्पेलिंग जन्मदाखल्याशी जुळणारं
- शाळेचं बोनाफाईड, दरवर्षी नवीन
- रहिवासी दाखला, कारण जिल्ह्याकडून खेळायला तो विचारतात
- डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट
- पासपोर्ट साईज फोटो, भरपूर
- पोराच्या नावाचं बँक खातं
- पासपोर्ट, सोळा-सतराव्या वर्षी काढून ठेवा, भारताच्या संघात निवड झाली आणि पासपोर्टच नाही अशी वेळ येऊ देऊ नका

नाव सगळीकडं एकसारखं पाहिजे. पोराचं नाव, वडलांचं नाव, आडनाव, याच क्रमानं. का ते दहाव्या मुद्द्यात सांगतो, माझं तिथंच वाटोळं झालं होतं.

५. सामान

सुरुवातीला फार काही लागत नाही. दोन लंगोट, दोन जांघिये, एक पंचा, खोबरेल किंवा तिळाचं तेल, कुंडी आणि लाकडी सोटा (बऱ्याच तालमीत असतात), पाण्याचा मोठा डबा, नेलकटर. नेलकटर विसरू नका, नखं वाढलेली असली तर स्पर्धेत मॅटवर सोडत नाहीत आणि तालमीत समोरच्याची पाठ सोलून निघते.

मॅटला लागले की कुस्तीचे बूट आणि लाल-निळी अशी दोन सिंगलेट (अंगाला घट्ट बसणारा कुस्तीचा पोशाख). बूट वाढत्या पायाचे म्हणून दोन नंबर मोठे घेऊ नका, आमच्या वडलांनी घेतले होते, आत दोन मोजे घालून लढायचो आणि घोटा मुरगळायचा तो मुरगळायचाच. तालीम बदलली, बूट बदलले, घोटा मात्र अजून तसाच आहे.

६. पहिले सहा महिने

पहिल्या दिवशी नारळ, हार, मारुतीरायाला अगरबत्ती, वस्तादांच्या पाया पडायचं, झालं. दुसऱ्या दिवसापासून खरी कथा सुरू.

पहाटे चार-साडेचारला उठणं. आधी पळणं, मग हौदा खणणं. नव्या पोराच्या हातात पहिली वस्तू येते ती फावडं. घरच्यांना वाटतं पोराकडून हमाली करून घेतात, पण हौदा खणणं हाच खांद्या-कमरेचा पहिला व्यायाम आहे, शिवाय माती मऊ नसेल तर पडल्यावर मान मोडायची भीती. मग जोर, बैठका, सपाट्या. सुरुवातीला पन्नास जोर मारले तरी दुसऱ्या दिवशी जेवताना घास तोंडापर्यंत जात नाही, हे सगळ्यांचं होतं. दोर चढणं, मानेचा पूल करणं. मग लढत. नऊच्या सुमाराला खुराक आणि झोप, किंवा शाळा. संध्याकाळी चारला परत.

पहिले दोन महिने डाव शिकवत नाहीत म्हणून पोरं कुरकुरतात. घिस्सा, ढाक, एकलंगी, धोबीपछाड, कलाजंग, मोळी, नाकपट्टी, नावं ऐकूनच अंगात येतं, त्यात मोबाईलवर व्हिडिओ बघून पोरगं पहिल्याच आठवड्यात ढाक मारायला जातं. नका करू. पडायला आधी शिका. हनुवटी छातीला, हात अंगाजवळ. हात टेकवून पडलात की कोपर निखळतं, मी तीन पोरांची बघितलीत.

एकेरी पट आणि दुहेरी पट हे दोनच डाव पहिल्या वर्षी घटवले तरी पुरे. आमचे वस्ताद म्हणायचे एक डाव शंभर पोरांवर मार, शंभर डाव एका पोरावर नको. तेव्हा पटायचं नाही, लई कंटाळा यायचा. नंतर मैदानात समोरचा अंगाला तेल लावून आला, वरून मी घाबरलेलो, डोकं बंद पडलेलं, तेव्हा हात आपोआप पटाला गेले.

पोरगं पहिल्या महिन्यात दोनदा तरी फोन करून रडणार. एकदा येऊन भेटा. दर रविवारी येऊ नका.

७. खुराक आणि पैशाचं गणित

जुन्या तालमीत राहण्याचे पैसे नाममात्र असतात, खाजगी अकॅडम्या महिन्याला काही हजार घेतात, ते आधी स्पष्ट विचारून घ्या, जेवण त्यात धरलंय का हेही. पण खरा खर्च खुराकाचा.

दूध रोज दोन लिटर, बदाम, तूप, अंडी, आठवड्यातून दोन-तीनदा मटण किंवा चिकन, फळं, थंडाईचं सामान म्हणजे खसखस, बडीशेप, काळी मिरी, वेलदोडे. लहान पोराचं कमीत भागतं, घरची म्हैस असेल तर अजून कमीत. पण विशीतला ८६ किलोच्या वरचा गडी नीट खायला लागला की महिना वीस हजारांच्या खाली येत नाही, हा माझ्या आजूबाजूच्या पोरांचा हिशोब. वर बूट, प्रवास, डॉक्टर वेगळं. वर्षाचा आकडा काढा, घरातल्या सगळ्यांना बसवून दाखवा आणि मगच ठरवा. शेत गहाण ठेवून खुराक घालणारे बाप मी बघितलेत आणि त्यांच्या पोरांच्या डोक्यावर जे ओझं असतं ते घेऊन मॅटवर पाय उचलत नाही.

लहान पोराला शंभर बदाम घालू नका. पचत नाहीत, पोट बिघडतं, झोप येते. दहा-बारापासून सुरू करून मेहनतीप्रमाणं वाढवा. डाळ, भाकरी, भाजी, अंडी, दूध एवढ्यावर पहिली दोन वर्षं आरामात निघतात. आणि पावडरचे डबे अजिबात नकोत, विकणारा म्हणतो प्रोटीन आहे, आत काय आहे ते त्यालाही माहीत नसतं.

पैसे कुठून येतात? खेलो इंडिया या केंद्र सरकारच्या योजनेत निवड झालेल्या खेळाडूंना महिना दहा हजार खर्चाला मिळतात. गावातले पुढारी, साखर कारखाने, दूध संघ मल्ल दत्तक घेतात किंवा मानधन देतात, त्यासाठी मेडलच्या झेरॉक्स घेऊन स्वतः जाऊन बसावं लागतं, लाज वाटून चालत नाही.

८. वजनगट

ऑलिंपिकचे पुरुषांचे फ्रीस्टाईलचे गट ५७, ६५, ७४, ८६, ९७, १२५. बाकी स्पर्धांत मधले ६१, ७०, ७९, ९२ पण असतात. वजन स्पर्धेच्या दिवशी सकाळी होतं, सिंगलेट घालूनच, कपड्याची म्हणून सूट नाही. ७ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये विनेश फोगाट ५० किलोत फायनलला पोचूनसुद्धा दुसऱ्या दिवशीच्या वजनाला १०० ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली, सगळ्यांनी बघितलंय.

सतरा वर्षांखालच्या पोराचं वजन तोडू नका, एवढंच मी सांगेन. वाढीचं वय असतं. मी पंधराव्या वर्षी एका स्पर्धेसाठी चार दिवसांत पाच किलो तोडलं, स्वेटरवर जर्किन घालून उन्हात पळालो, थुंकी गोळा करून डबा भरला, वजन बसलं, आणि पहिल्याच कुस्तीत दुसऱ्या राऊंडला पायात असे गोळे आले की पंचांनीच उचलून बाहेर आणलं. त्यापेक्षा वरच्या गटात लढून हरलो असतो तर काहीतरी शिकलो असतो.

९. मैदानं

दिवाळीनंतर जत्रा सुरू होतात त्या चैत्र-वैशाखापर्यंत, हा पैलवानाचा सीझन. काही मैदानं पावसाळ्यातली, कुंडलचं मैदान प्रसिद्धच आहे. लहान पोरांच्या कुस्त्या रेवडीवर, नारळावर, पन्नास-शंभरावर लागतात. तिथं जरूर उतरा, हजार माणसांसमोर लंगोटावर उभं राहायची भीती तिथंच मोडते. कधी जमलं तर कोल्हापूरच्या खासबागेत एखादं मोठं मैदान बघा, शाहू महाराजांनी बांधलंय, शेवटच्या माणसालाही हौदा दिसतो.

पुढं मोठ्या कुस्त्या नेमून येतात. इथले काही खड्डे:

पत्रकावर छापलेला इनाम आणि हातात पडणारा इनाम एक नसतो. पत्रकावर लाख असेल तर आधी वस्तादांमार्फत कमिटीला फोन करून नक्की किती आणि कधी ते विचारून घ्या. मला एकदा फेटा बांधला, गुलाल टाकला, माईकवर आकडा सांगितला आणि पाकिटात निम्मेच निघाले, राहिलेले "पुढच्या सोमवारी" देणार होते. तो सोमवार अजून यायचाय.

बरोबरीत सुटली तर पैसे कसे, हेही आधी विचारा.

जोड बघितल्याशिवाय हात देऊ नका. उत्साही गावकरी पंधरा किलो जास्तीच्या गड्याशी लावून देतात आणि तुम्ही नाही म्हणालात की पब्लिक ओरडतं. ओरडू दे. वस्ताद सोबत असतील तर ते निस्तरतात, म्हणून एकटे मैदानाला जाऊ नका.

आणि ठरवून केलेली कुस्ती. तू पंधरा मिनिटं खडाखडी कर, बरोबरीत सोडवू, इनाम वाटून घेऊ. पैसे मिळतात हो, खोटं कशाला बोलू. पण त्या मैदानावर जुने पैलवान बसलेले असतात, त्यांना पहिल्या सलामीतच कळतं, आणि पुढच्या वर्षी तुमचं नाव पत्रकावर येत नाही.

राज्याच्या स्पर्धेच्या आधी तीन आठवडे मैदान मारू नका. पाच हजारांसाठी गुडघा देऊन बसलेले दोन जण माझ्याच खोलीत होते. तिसरा मी.

१०. स्पर्धा आणि सर्टिफिकेट, इथं डोळे उघडे ठेवा

शाळेची वाट म्हणजे तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, मग राष्ट्रीय शालेय. गट १४, १७ आणि १९ वर्षांखालचे. हे क्रीडा खात्याचं असतं आणि शाळेमार्फतच नाव जातं, त्यामुळे शाळेतल्या खेळाच्या सरांशी ओळख ठेवा, फॉर्मची तारीख गेली की कोणी ऐकत नाही. यातून दहावी-बारावीला वाढीव मार्कही मिळतात, प्रस्ताव शाळेकडूनच जातो.

संघटनेची वाट म्हणजे जिल्हा निवड चाचणी, राज्य, राष्ट्रीय, गट १५, १७, २०, २३ वर्षांखालचे आणि वरिष्ठ.

आता सापळा. आपल्याकडं संघटनांचे वाद आहेत, एकाच नावाच्या दोन-दोन राज्य स्पर्धा झाल्यात, दिल्लीतलं फेडरेशनही २०२३ च्या डिसेंबरपासून २०२५ च्या मार्चपर्यंत केंद्र सरकारनं निलंबित केलेलं होतं. या भांडणात आपण पडायचं नाही, पण उतरण्याआधी एकच प्रश्न जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन विचारायचा, या स्पर्धेचं सर्टिफिकेट नोकरीच्या पडताळणीला चालतं का? अमुक फेडरेशन, तमुक असोसिएशन अशा नावाची ढाल घेऊन आलेली पोरं नंतर रडताना बघितलीत.

माझी गोष्ट सांगतो म्हटलं होतं. राज्याला सिल्व्हर आलं, त्या सर्टिफिकेटवर टेबलावरच्या माणसानं नाव लिहिलं "पै. बंडा" आणि पुढं आडनाव. बंडा मला तालमीत म्हणायचे. वडलांचं नाव नाही, जन्मतारखेची जागा मोकळी. मी खुशीत, फ्रेम करून घरी लावलं. सात वर्षांनी भरतीच्या वेळी पडताळणीला दिलं तर परत आलं, हा बंडा कोण? मग ॲफिडेव्हिट, संघटनेचं दुरुस्तीचं पत्र, त्या वर्षीची निकालपत्रिका शोधत तीन जिल्ह्यांत हिंडलो, ज्यांच्या सह्या होत्या त्यातले एक वारले होते. ती भरती हातची गेली. पुढच्या वेळी लागलो पण वयोमर्यादेला एकच वर्ष उरलं होतं.

म्हणून सर्टिफिकेट हातात पडलं की तिथंच उभं राहून वाचा. पूर्ण नाव, जन्मतारीख, वजनगट, वयोगट, शैली, नंबर, स्पर्धेची तारीख आणि ठिकाण, सह्या, शिक्का. चूक असेल तर तिथंच बदलून घ्या. स्कॅन करून स्वतःला मेल करा. त्या स्पर्धेच्या निकालपत्रिकेचा, प्रवेशिकेचा फोटो काढून ठेवा. लॅमिनेशन करू नका, फ्रेम तर अजिबात नको.

११. इंजेक्शन

जिममध्ये, तालमीच्या बाहेर, कोणीतरी हळूच सांगतो, एक टोचून घे, दम लागत नाही. ते बहुतेकदा मेफेंटरमाईन असतं, ऑपरेशनच्या वेळी रक्तदाब खाली गेला तर डॉक्टर वर आणायला वापरतात ते औषध. हृदयाचे ठोके वाढतात, पोरगं चेकाळतं, सवय लागते. डोपिंगच्या बंदी यादीत आहे. स्टेरॉईडही तसंच.

नाडाचे (डोपिंग तपासणाऱ्या राष्ट्रीय यंत्रणेचे) लोक लघवीचं सॅम्पल घेतात आणि मला माहीत नव्हतं, वस्तादांनी दिलं, डब्यात होतं, हे काही चालत नाही, अंगात सापडलं म्हणजे जबाबदारी तुमची, बंदी चार वर्षांपर्यंत. सर्दीची गोळीसुद्धा डॉक्टरांना मी खेळाडू आहे हे सांगूनच घ्या.

१२. दुखापती

कान: फुगला की लगेच बर्फ आणि डॉक्टरकडं जाऊन रक्त काढून घेणं, दोन-चार दिवस घालवले की कायमचा मोडतो. पोरांना मोडलेला कान मिरवायला आवडतो, पण त्या कानात इअरफोन बसत नाही आणि थंडीत ठणकतो.

नायटा: एकाला झाला की पंधरा दिवसांत सगळ्या तालमीला. स्पर्धेत वजनाच्या वेळी डॉक्टर कातडी बघतो, डाग दिसला तर बाहेर काढतो. लंगोट रोज धुवा, उन्हात वाळवा, पंचा कोणाचा वापरू नका. मेडिकलमधून मनानं आणलेलं मलम लावून नायटा दबतो आणि दुप्पट येतो, कातडीच्या डॉक्टरकडं जा.

गुडघा: कट् असा आवाज आला आणि सूज आली तर मालीशवाल्याकडं नको, हाडाच्या डॉक्टरकडं जाऊन एमआरआय. मी आठ महिने पट्टी बांधून लढलो. लिगामेंट आधीच तुटलं होतं, त्या आठ महिन्यांत गुडघ्यातली गादी पण फाटली.

१३. मुलींसाठी

जुन्या तालमीत मुलींना बहुतेक ठिकाणी घेत नाहीत, मुलींची वेगळी केंद्रं, वेगळी वसतिगृहं बघा. महिला कोच किंवा महिला वॉर्डन आहे का हा पहिला प्रश्न. २०२३ ला सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, सांगलीचीच प्रतीक्षा बागडी जिंकली. मुलींचे ऑलिंपिकचे गट ५०, ५३, ५७, ६२, ६८, ७६. मुलींमध्ये अजून गर्दी कमी आहे, मेहनती पोरगी जिल्ह्यातून राज्यापर्यंत मुलांपेक्षा लवकर पोचते, हे मी भाचीच्या बाबतीत बघतोय.

१४. नोकरी आणि नंतर

राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. कुठल्या पदाला कुठल्या पातळीचं मेडल लागतं ते शासन निर्णयात दिलंय, कुणाच्या तोंडी माहितीवर जाऊ नका, वाचून काढा. सर्टिफिकेटची पडताळणी क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालकांकडं होते, जाहिरात यायची वाट न बघता आधीच करून ठेवा. शिवाय रेल्वे, आर्मी, पोलीस आपापल्या खेळाडू भरत्या काढतात. राहुल आवारे, विजय चौधरी हे थेट डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक) झाले, पण ती फार वरची पायरी आहे. आपल्यासारख्यांना शिपाई भरतीतसुद्धा लेखी पास व्हावं लागतंच, म्हणून बारावी, जमलं तर पदवी, सोडू नका.

कोच व्हायचं असेल तर पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) डिप्लोमा, किंवा सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स.

आणि कुस्ती सुटली की खुराक पण सोडा, लगेच, त्याच महिन्यात. मेहनत बंद आणि दूध-तूप चालू ठेवलं म्हणून मी ऑपरेशननंतर सहा महिन्यांत ९२ चा ११५ झालो, शुगर निघाली. तूप आधी बंद करा, मग बदाम, मग दुधाचा दुसरा लिटर. रोजचं चालणं तेवढं ठेवा, गुडघा झेपेल तितकं.